गाणं वाट्सपवर मागू नका

"गाणं वाट्सपवर टाक ना बे." माझा पहिला अल्बम आल्यापासून हे ऐकून ऐकून डोकं भणभणलंय. पानठेल्यावर तेच, कृषी केंद्रात तेच, लग्नाच्या पंगतीत वाढताना तेच. लिंक पाठवली की समोरचा म्हणतो, "ते लिंक-फिंक राहू दे, डायरेक्ट गाणंच पाठव." अरे, लिंकवर बोट ठेवलं की गाणं वाजतं! एक रुपया लागत नाही! तरी नाही. आणि फाइल नाही पाठवली तर मी मोठा झालो, गावाले विसरलो.

स्वतःच्या खिशातून अल्बम काढणाऱ्याचा हिशेब कसा चालतो ते एकदा ऐकून घ्या. एका मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीनं २०२४ पासून नियम केलाय की मागच्या १२ महिन्यांत गाणं निदान १,००० वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचा एक पैसा मिळणार नाही. ९९९ वेळा वाजलं तरी शून्य. त्यात ३० सेकंदांच्या आत पुढं ढकललं तर ते वाजलं असं धरतच नाहीत. आणि आमचे ते बुडालेले पैसे जातात कुठं? ज्यांची गाणी आधीच धो धो वाजतात त्यांच्या वाट्यात. नियम करणाऱ्यांवर माझा राग आहेच. पण ते दूर बसलेत, तुम्ही तर माझ्या गल्लीत राहता! वाट्सपवर फिरणारी फाइल अख्ख्या तालुक्यानं ऐकली तरी तिची कुठंच नोंद होत नाही. ओळख ना पाळख, अशी पोरं बसस्टँडवर माझी चाल गुणगुणतात, आणि तेच गाणं खात्यावर हजाराच्या खाली अडकून पडलंय. गाणी अशा कंपन्यांपर्यंत पोचवणाऱ्या वितरकाची फी मात्र दरवर्षी भरायचीच. नाही भरली की गाणी उतरली.

हा अल्बम झाला कसा, हे कुणी विचारलं का? स्टुडिओ कुठला आणायचा. वेचणी झाल्यावर भाव वाढायची वाट पाहत कापूस मधल्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरलेला होता. त्याच खोलीत गायलो, कारण कापसाच्या ढिगापुढं आवाज घुमत नाही. निम्मी गाणी व्हायची होती तोवर सावकाराचा तगादा सुरू झाला, बाबांनी कापूस विकला, आणि खोली अशी घुमायला लागली की गाद्या, बारदाना, आईच्या गोधड्या भिंतींना टांगाव्या लागल्या. तरी नीट ऐकलं तर कोणतं गाणं कापूस असतानाचं आणि कोणतं नंतरचं ते कळतं, आणि ते मला आजही खुपतं. गिटार जोडली की अ‍ॅम्पमधून ५० हर्ट्झची घूं घूं, कारण घराला धड आर्थिंग नाही. मागच्या अंगणात खड्डा खोदला, मीठ-कोळसा घातला, उन्हाळाभर त्यात पाणी ओतलं, तेव्हा ती जरा दबली. रात्रीच्या पाळीत थ्री-फेज आली, शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि चांगला चाललेला टेक वाया जायचा. ड्रम वाजवणारा मित्र जिनिंगमध्ये दिवसभर राबून यायचा. त्याला अजून एक छदाम देता आलेला नाही. तुम्ही फुकट मागता ते त्याच्या घामाचं आहे.

बरं, ऐकता कशावर? फोनच्या बारक्या स्पीकरवर! बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. त्या स्पीकरमधून ती बाहेर येऊच शकत नाही. गाण्याचा खालचा सगळा भार गेला, वर उरली गिटारची खरखर, आणि मग शेरा मारायचा, "नुसता कल्ला हाय बे, डीजेवर वाजन असं काही कर." कानात साधे इयरफोन घालून एकदा पूर्ण ऐका, मग शिव्या द्या. मी ऐकून घेईन.

आणि आपल्याकडची माणसं कलेसाठी पैसे देत नाहीत, हे तर मला सांगूच नका. गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्या कशावर चालतात मग? दिवाळी झाली, धान निघालं की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, माणसं तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात, पाहुण्यांना मुद्दाम बोलावून घेतात. लाखांदूरकडची माझी आत्या नाटकाला फुकट बसणाऱ्याला चारचौघांत झापेल. तीच आत्या मला म्हणते, "तुह्या गाण्याचे काहाचे पैसे, बापू?" आत्या, त्या मंडपातल्या पेटीवाल्याला लागतात तेच पैसे! मी पडद्यामागं एकटा बसून केलं, तुला दिसलं नाही, एवढाच फरक.

आता फाइल कुणालाच मिळणार नाही. सख्ख्या भावालाही नाही. ज्यांना नाराज व्हायचं त्यांनी खुशाल व्हावं. लिंक माझ्या स्टेटसला आहे. पहिलं गाणं सुरुवातीला पाऊण मिनिट नुसत्या गिटारवर चालतं, तेवढं पुढं ढकलू नका.