पानं कुणाला किती, एवढ्यावरच का भांडतो आपण?

२०२५मध्ये एनसीईआरटीच्या सातवीच्या नव्या पुस्तकातून दिल्लीचे सुलतान आणि मुघल वगळले गेले, पुढे ते आठवीच्या पुस्तकात आले. तेव्हापासून पुण्याला फोन लावला की विषय हाच. कुणाला किती पानं मिळाली यावर सगळे तावातावाने बोलतात. त्या पानांचं वर्गात पोरं करतात काय, हे कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

इथे इंग्लंडमध्ये माझी मुलगी सातवीत १०६६ची हेस्टिंग्जची लढाई शिकली, फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंडचा राजा हॅरल्ड याला हरवलं ती. बायो टॅपेस्ट्री म्हणजे त्या लढाईची गोष्ट चित्रांतून सांगणारा, सुमारे ७० मीटर लांबीचा, लोकरीच्या धाग्यांनी भरलेला पट. त्यातल्या एका दृश्याची प्रत दोघादोघांत दिली होती. ‘राजा हॅरल्ड मारला गेला’ अशी लॅटिन ओळ, खाली दोन माणसं: एकाच्या डोळ्यापाशी बाण, दुसरा घोडेस्वाराच्या वाराने कोसळतोय. यातला हॅरल्ड कोणता? मुलांनी बाजू घेतल्या, कुठलं अक्षर कुणाच्या डोक्यावर येतं ते पाहिलं, कडाकडा भांडली. मग बाईंनी सांगितलं, की हा बाण नंतरच्या डागडुजीतला असावा असं काही अभ्यासक मानतात. त्या रात्री जेवताना ती एकच विचारत होती, हा पट कुणी भरून घेतला आणि कशासाठी?

इथले सगळेच तास असे नसतात. पुठ्ठ्याचा नॉर्मन किल्ला चिकटवण्यात दोन तास जातात. जिंकलेल्या मुलखात मूठभर परक्यांना इतक्या घाईने किल्ले का उभारावे लागले, याला पाच मिनिटंही मिळत नाहीत. अशा तासाचा मला राग येतो.

किल्ला तर आपली पोरं दर दिवाळीत करतात, तोही मातीचा, हळीव पेरून. शिक्षकांनी त्यात प्रश्न घालावेत. पाणी कुठे साठवाल? रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड का लपवला? १६७४च्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजाने न्यायाची खूण म्हणून भाल्यावर लावलेला तराजू टिपलाय, आणि हत्ती गडावर चढले कसे याचं नवलही. जिंजीला दोन दशकांनंतर लिहिलेली सभासद बखर बत्तीस मण सोन्याचं सिंहासन सांगते. दोन्ही उतारे मुलांपुढे ठेवा. कोण कुणासाठी लिहीत होतं? कुणाला काय महत्त्वाचं वाटलं? यात महाराजांचा अवमान होईल ही भीती मला पटत नाही. परक्या व्यापाऱ्याच्या टिपणातही सोहळ्याचा दिमाख लपत नाही, हे मुलांना स्वतः सापडू दे.

साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमायचं, असं माझी शिक्षिका बहीण विचारते. झेरॉक्सची दोन पानं पुरतात, खरी अडचण परीक्षेची आहे. राज्याभिषेकाच्या सालाला गुण मिळतात, दोन उताऱ्यांत फरक का याला मिळत नाहीत. तो प्रश्न पाच गुणांना आला, तर झेरॉक्स शिक्षक आपणहून काढतील.