टाकला तर का टाकला, नाही टाकला तर का नाही टाकला

“गिअरबॉक्स खोललाय म्हणजे गाडीला हात लागलाय, साहेब.”

आज सकाळी साडेअकराला, माझ्याच पार्किंगमध्ये, माझ्याच घरचा चहा भुरके मारून पिता पिता एका माणसानं मला हे ऐकवलं. सिन्नरची पार्टी. गाडी घेणारा एक, सोबत तीन. तिघांतला एक ‘जाणकार मामा’. हा मामा प्रत्येक पार्टीसोबत असतोच. तो कधी स्वतः गाडी घेत नाही, फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांना नाकं मुरडतो.

मामानं आधी बॉनेटवर थाप मारली. का? ती काय म्हैस आहे? मग खाली उकिडवा बसला, मोबाइलची बॅटरी लावली आणि टायरवरचे ते चार आकडे वाचले. “2319. म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला.” बरोबर आहे हो, मी कुठं म्हणतोय कालचा आहे? मग डिपस्टिक काढली, तेल बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि ते काळं बोट आमच्या सोसायटीच्या नुकत्याच रंगवलेल्या खांबाला पुसलं. सेक्रेटरी वरच्या गॅलरीतून बघत होते. ते प्रकरण संध्याकाळी वेगळं निघालं.

तरी मी शांत होतो. कारण माझ्या हातात फाइल होती. 2014 पासूनची सगळी बिलं, तारीखवार, प्लॅस्टिकच्या कव्हरात. आणि सगळ्यात वर पंधरा दिवसांपूर्वीचं, करकरीत: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, खाली पुढच्या चाकांना धरणारे लोअर आर्म दोन्ही बाजूंचे, एकूण 21,450. मला वाटलं, हे बिल बघून माणूस खूश होईल. म्हणेल, व्वा, मालकानं जीव लावलाय.

तर मामा म्हणतो, “83 हजार किलोमीटरलाच क्लच? गाडी रगडलेली दिसतीये.” आणि त्यावर पार्टीचं ते हात लागलेलं वाक्य. आणि भाव? 2,60,000.

आता ऐका. हाच क्लच घसरत होता तेव्हा, दीड महिन्यापूर्वी, ओझरची एक पार्टी आली होती. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ उड्डाणपुलावर चढताना तिसऱ्या गिअरला आरपीएमचा काटा वर आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. त्यानं तिथंच सांगितलं, क्लच गेलाय, 25 हजार कमी करा, 2,65,000 देतो. म्हणजे क्लच मेलेला होता तेव्हा गाडी 2,65,000 ची, आणि मी 21,450 घालून तो जिवंत केल्यावर 2,60,000 ची. कुठल्या शाळेत शिकवतात हे गणित?

ओझरवाल्याला तेव्हाच देऊन टाकायला हवी होती. पण मी पडलो शहाणा. शिवाय मनात आलं, असला क्लच असलेली गाडी कुणाच्या गळ्यात मारली आणि ते कुटुंब सामानसुमानासकट कसारा घाटात अडकलं तर? त्यांच्या शिव्या मला नाशिकपर्यंत ऐकू आल्या असत्या. म्हणून काम करून घ्यायचं ठरवलं. मेहुण्यानंही सल्ला दिला, “काम करून विका, भाव येतो.” मेहुण्यानं आजवर एकही गाडी विकलेली नाही. त्याची पहिलीच मोटरसायकल अजून त्याच्या दारात उभी आहे, वर मनीप्लांट चढलाय.

त्याआधी एक ॲपवाले पण झाले. कंपनीचं नाव घेत नाही. ऑनलाइन माहिती भरली की लगेच 3,05,000 दिसले. मी मनातल्या मनात पैसे खर्च पण केले. मग तपासायला एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. दीड तास प्रत्येक दाराला, प्रत्येक मडगार्डला ते चिकटवून आकडे लिहीत बसला. ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं दार एकदा रंगवलंय हे त्यानं शोधून काढलं. ते मला माहीतच होतं, दार मीच रंगवून घेतलं होतं. रात्री फोन: 2,31,000, फक्त आज रात्री बारापर्यंत. भाजी आहे का ती, सकाळी शिळी व्हायला?

गॅरेजची कथा वेगळीच. सारडा सर्कलजवळ आमचा जुना मिस्त्री. माणूस प्रामाणिक, पण त्याच्याकडं एक मंत्र आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, त्याला इलाज नाही, आणि मजुरीतला मोठा भाग त्या उतरवण्या-चढवण्याचाच. आणि एकदा तो खाली आला की मिस्त्रीचा फोन येतो: “साहेब, उतरवलाच आहे तर क्रँकचं सील पण टाकून घ्या.” मग, “उतरवलाच आहे तर माउंटिंग बघून घ्या.” मग, “खालून मोकळीच आहे गाडी तर लोअर आर्म…” मराठी भाषेत ‘उतरवलाच आहे तर’ इतके महागडे तीन शब्द दुसरे नसतील. 11,300 ला सुरू झालेलं काम 21,450 ला थांबलं. थांबलं ते पण मी फोन उचलणं बंद केलं म्हणून.

लोअर आर्म तरी का गेले? सिंहस्थाच्या नावानं शहर उकरून ठेवलंय म्हणून. आज एक बाजू खणतात, ती बुजवायच्या आत दुसरी. बुजवतात म्हणजे काय, मातीचा उंचवटा करून जातात. खड्ड्याच्या जागी टेकाड. कामावर जाऊन घरी येईपर्यंत गाडीचे आणि माझे, दोघांचेही मणके वाजतात. आणि मामा विचारतो, “पुढून कट-कट आवाज का येतोय?” नाशिकच्या कुठल्या गाडीतून येत नाही?

बरं, फोनवरचे नमुने तर सोडूनच द्या. ‘लास्ट किती?’ नमस्कार नाही, नाव नाही, रात्री पावणेबाराला फक्त ‘लास्ट किती?’ एक म्हणाला, “दिल्लीत 10 वर्षांच्या डिझेल गाड्यांचं काय चाललंय बघताय ना?” अरे बाबा, मी पंचवटीत राहतो, गाडी एमएच-15 आहे, मी काय चांदणी चौकात विकतोय का? एकानं विचारलं, विम्याचा 50 टक्के नो क्लेम बोनस गाडीबरोबरच येईल ना. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही! 12 वर्षं मी सांभाळून चालवली, सूट तुला का? आणि एक दलाल तर म्हणाला, “मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या सह्या करून द्या, नाव आम्ही नंतर टाकतो.”

हे मात्र मला कुणी सांगू नये. मागं स्कूटर विकली तेव्हा अशाच कोऱ्या सह्या दिल्या होत्या. पुढची दोन वर्षं मालेगावातून विनाहेल्मेटचे चलान माझ्या मोबाइलवर येत होते, फोटोसकट. फोटोत तिघं बसलेले, तिघंही हसतायत. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत कायद्यानं मालक तुम्हीच. पेठ रोडला किती खेपा घातल्या ते माझं मला माहीत. तेव्हापासून सही करायच्या आधी मी पेनाचं टोपणसुद्धा काढत नाही.

आणि ती नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट! 745 अधिक जीएसटी, म्हणजे 879 रुपये. 31 मार्च 2025 ची मुदत म्हणून जिवाचा आटापिटा करून बसवली. मग मुदत वाढली. मग परत वाढली. मी रांगेत उभा होतो तेव्हा जे घरी लोळत होते, ते पुढं कितीतरी महिने लोळतच राहिले. आमच्या मामाला त्या प्लेटचं काय कौतुक? “ती तर कंपल्सरीच आहे.”

म्हणजे बघा. जे कंपल्सरी आहे त्याचे पैसे मिळत नाहीत, कारण कंपल्सरी आहे. जे कंपल्सरी नाही त्याचे मिळत नाहीत, कारण सांगितलं कुणी होतं करायला? टायर जुने म्हणून 15 हजार तोडायचे, आणि नवे टाकले तर म्हणायचं, ‘विकायसाठी टाकलेत.’ सीट कव्हर फाटलं तर गाडी वापरून चोळामोळा केलेली, नवं घातलं तर खाली काय लपवलंय?

हे सगळं मी पार्टीला मोठ्या आवाजात ऐकवत होतो आणि मध्येच मला एक आठवलं. कोविडच्या आधी याच मेहुण्यासाठी सेकंडहँड गाडी बघायला मी इंदिरानगरला गेलो होतो. ‘जाणकार’ म्हणून. मालक रिटायर्ड गृहस्थ, बँकेतले असावेत, त्यांनी अशीच फाइल काढली होती, तारीखवार. माझ्यापेक्षा व्यवस्थित, वर अनुक्रमणिका. आणि मी काय म्हणालो? “एवढी बिलं? काका, गाडीत काम फार निघतंय वाटतं.” काकांनी फाइल हळूच मिटली होती. चहा त्यांच्याकडं पण दिला होता. बॉनेटवर थाप मारली होती की नाही ते आठवत नाही. मारली असणार.

आठवलं ते आठवलं, पण राग तेवढ्यानं जातो होय? उलट वाढला. मामा म्हणाला, “शेवटचं 2,62,000, बिल असलं काय नि नसलं काय, सारखंच.” सारखंच? मी ते 21,450 चं बिल फाइलीतून काढलं आणि त्यांच्यासमोर टराटरा फाडलं. चार तुकडे, मग आठ. एकदम नाटकातल्यासारखं. वॉचमन झाडू थांबवून बघायला लागला. पार्टी चहाचे कप खांबाजवळ ठेवून निघून गेली. मामानं जाता जाता परत बॉनेटवर थाप मारली.

दुपारभर मला फार भारी वाटत होतं.

संध्याकाळी सहाला फोन आला, पिंपळगाव बसवंतहून. माणूस बोलायला सरळ. पहिलाच प्रश्न: “साहेब, क्लचचं काम झालंय का? झालं असेल तर 2,90,000 पर्यंत बसू. फक्त बिल दाखवा, तोंडी नको.”

आता पावणेदहा वाजलेत. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी सेलोटेप लावत बसलोय. तुकडे वॉचमनच्या केराच्या डब्यातून आणले, त्याला 50 रुपये दिले. गॅरेजचं नाव जुळलं, तारीख जुळली, प्रेशर प्लेटवर चहाचा डाग पडलाय पण वाचता येतंय. खालचा उजवा तुकडा, ज्यावर एकूण रक्कम होती, तो काही सापडत नाहीये. बायको टॉर्च घेऊन टेबलाखाली शोधतीये. मी तिला सांगितलंय की एवढं मनावर घेऊ नकोस, सोड, नाही सापडला तरी चालेल. तिला मी 14,000 सांगितले होते.