छज्जा मागितला होता, छज्जाच हवा होता

काल रात्री अडीच वाजता मी नव्या घराच्या दिवाणखान्यात गुडघे टेकून फडक्याने पाणी टिपत होते. बाहेर पाऊस पश्चिमेकडून झोडपत होता आणि दहा फुटी सरकत्या काचेच्या दाराखालून पाणी सरळ आत येत होतं. दाराशेजारचं सागवानी व्हिनियरचं पॅनेल खालून फुगलंय. बोट दाबलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं मऊ लागतं. राहायला येऊन चार महिने झालेत. आयुष्यभराची कमाई या घरात ओतली, आणि पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातात बादली आणि फडकं!

आमचा प्लॉट पार्ल्यात, पूर्वेला. आजेसासऱ्यांनी घेतलेला. तिथे मंगलोरी कौलांचं बैठं घर होतं, पश्चिमेला आठ फूट खोल ओसरी आणि प्रत्येक खिडकीवर छज्जा. 26 जुलै 2005 ला आमच्या शेजारी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. अंगणात गुडघाभर पाणी होतं, पण खिडक्यांतून एक थेंब आत आला नव्हता. ओसरीत बसून आम्ही पागोळ्या बघत होतो. ते घर बांधणारा गवंडी फार शिकलेला नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की मुंबईत पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो.

नव्या घरासाठी आर्किटेक्टकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वहीत सगळं लिहून नेलं होतं. सगळ्या खिडक्यांना छज्जे. पश्चिमेला ओसरी. सासूबाईंच्या न्हाणीघराला उंबरा नको, पायरी नको. स्वयंपाकघराला लागून मोठी मोरी. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला वरून झाकलेली जागा. सहा माणसांचं घर आहे, तीन पिढ्यांचं. गृहस्थांनी मान डोलावली, वहीच्या पानाचा फोटोसुद्धा काढून घेतला. तीन आठवड्यांनी कॉम्प्युटरवरचं चित्र आलं: पांढरा चौकोनी ठोकळा, भरपूर काच, वर निळंभोर आकाश. छज्जा एकही नाही. विचारलं तर म्हणे, "मॅडम, एलिव्हेशन क्लीन ठेवायचंय. छज्जाने लुक बिघडतो."

लुक बिघडतो! अहो, मरीन ड्राइव्हवरच्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती बघा. 1930 च्या दशकात बांधलेल्या. खिडक्यांवरून भुवईसारखे फिरलेले छज्जे हीच त्यांची शोभा आहे, आणि 2018 पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिआंनी कंबाला हिलवर कांचनजंगा ही उंच इमारत बांधली, 1983 मध्ये पूर्ण झाली, तीही श्रीमंतांसाठीच. समुद्राचा वारा पश्चिमेचा, देखावा पश्चिमेचा, पण कडक ऊन आणि पाऊसही तिकडूनच. हे ओळखून त्यांनी जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची कल्पना उंच इमारतीत नेली आणि घरांना दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. म्हणजे ऐषारामी घर म्हटलं की पाऊस विसरायचा असतो, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट जास्त पैसे मोजले तर जास्त विचार मिळायला हवा.

मी भांडले. तीन वेळा भांडले. दर वेळी एकच उत्तर, "कारखान्यातून जुळवून आलेली सिस्टिम विंडो आहे, पाणी येणारच नाही." यजमान म्हणाले, तो शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल. दीर म्हणाले, आता उशीर नको. माझंही चुकलं, मी गप्प बसले. तेव्हा स्लॅबच्या सेंट्रिंगबरोबर, म्हणजे साच्याबरोबरच, छज्जे भरले असते तर दोन-चार दिवसांचं काम होतं. आता बीमला भोकं पाडून, केमिकलने सळ्या बसवून, परांची बांधून करायचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो सांधा नीट झाला नाही तर सळी गंजणार आणि काँक्रीट फुटणार, ही काळजी वेगळीच.

परवानग्यांबद्दल मी फार बोलत नाही. महापालिकेच्या पहिल्या कागदाचं नावच 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', त्याच्या अटी पुऱ्या करा, मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, तीही आधी जोत्यापर्यंत. विमानतळ जवळ म्हणून उंचीची एनओसी वेगळी. हेलपाटे घातले, थांबलो. ते नियम आहेत, समजून घेता येतात. पण ज्यांना आपण स्वतः निवडलं, पैसे दिले, चहा पाजला, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करावं, हे मला सहन होत नाही.

आता न्हाणीघराचं सांगते, कारण तिथे माझं डोकं खरंच फिरतं. सासूबाई 81 वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले, वॉकरशिवाय चालत नाहीत. न्हाणीघर खोलीच्या पातळीला हवं असेल तर तिथला स्लॅब भरतानाच खाली दाबून घ्यावा लागतो, म्हणजे पाइप, वॉटरप्रूफिंग आणि उतार त्या खोलगट जागेत बसतात. हे मला साइटवरच्या मुकादमानेच समजावलं. म्हणजे त्याला माहीत होतं! नकाशात स्लॅब खाली दाखवलाच नव्हता, म्हणून दाबला नाही. मग लादी बसवायच्या वेळी पायरी आली. चार इंचांची. मी ओरडले तेव्हा ठेकेदार म्हणतो, "वहिनी, टेन्शन नका घेऊ, आजींना सवय होईल."

कसली सवय? 81 व्या वर्षी वॉकर उचलून पायरी चढायची सवय?

आणि उतार. लादीवर पेलाभर पाणी ओतलं, तर ते न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे निचऱ्याच्या जाळीकडे, जाण्याऐवजी हळूहळू दाराकडे आलं आणि माझ्या पायाच्या बोटांशी थांबलं. सुपरवायझर शेजारी उभा होता. त्याने वायपर पुढे केला. लादी बसवायच्या आधी ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा, असं मी लेखी कळवलं होतं. त्यांनी संध्याकाळी पाणी भरलं, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि सकाळी सोडून दिलं. आता खालच्या खोलीच्या छताला पिवळा डाग आलाय, थाळीएवढा, आणि रंगाचे पोपडे सुटायला लागलेत.

सगळं फोटोसाठी! मोरीच्या जागी आयलंड ओटा आलाय, मधोमध सुटा, पांढऱ्या दगडाचा. चित्रात त्याच्यावर लिंबांचं भांडं ठेवलं होतं. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा बांगडे येतात, ते साफ कुठे करायचे? पहिल्याच आठवड्यात हळदीचा डाग पडला, तो जात नाही. गणपतीतली मोठी पातेली मी अंगणातल्या नळावर घासणार का? कपडे वाळत घालायची जागा काढून टाकली, म्हणे ड्रायर घ्या. दिवाणखान्यात सध्या दोन स्टँड उभे आहेत, त्यांवर चादरी, आणि तीन दिवस झाले तरी कुबट वास जात नाही. त्या देखण्या दिवाणखान्यात!

गेल्या सोमवारी सासूबाई त्या पायरीवर अडखळल्या. मी मागे होते म्हणून वाचल्या. खुर्चीवर बसवलं, तर माझा हात धरून म्हणतात, "अगं, माझ्यासाठी आता काही तोडफोड करू नका. मी खोलीतच अंग पुसून घेईन." ज्या बाईने त्या जुन्या घरात साठ वर्षं संसार केला, तिने स्वतःच्या नव्या घरात आंघोळ सोडायची? एका माणसाला स्लॅबची रेघ खाली ओढायचा कंटाळा आला म्हणून?

बिलातून राखून ठेवलेली पाच टक्के अनामत अजून आमच्याकडे आहे. आज सकाळी यजमानांसमोर आणि दिरांसमोर मी आर्किटेक्टला आणि ठेकेदाराला फोन केला. शनिवारी साडेनऊला दोघेही इथे पाहिजेत. न्हाणीघराची लादी उखडायची. स्लॅब खाली जाणार नसेल तर सासूबाईंच्या खोलीची लादी उचलून पातळी मिळवा, लांब उतार करा, काय करायचं ते करा, मला ती पायरी दिसता कामा नये. नंतर पाणी भरायचं, पूर्ण दोन दिवस, आणि ट्रॅपचं बूच मी माझ्या हाताने काढणार. पश्चिमेच्या छज्जाचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने कागदावर पाहिजे. आर्किटेक्ट म्हणाला, "मॅडम, पुढच्या महिन्यात एका मासिकासाठी घराचं शूट ठरलंय, त्यानंतर केलं तर चालेल का?"

नाही चालणार. शूट रद्द करा.