पाणपोई बंद करू नकोस

आमच्या विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा श्रावणी सोमवारच्या उपासावर एक विनोद पडला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आईने चष्मा वर करून वाचला नि मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "ह्यातल्या किती जणांनी काल समोरच्या काकूंची साबुदाण्याची खिचडी चापली, विचार जरा." मी गप्प. मीही दोनदा घेतली होती.

मग टीका करूच नये का? करावी की! बुद्धांनी काय कमी केली? ब्रह्मा कुणी पाहिला नाही, तरी त्याच्याकडे जायची वाट सांगणाऱ्यांना तेविज्ज सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचा उपदेश) ते एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांची रांग म्हणतात. जन्माने श्रेष्ठ म्हणवणाऱ्या अस्सलायन नावाच्या ब्राह्मण तरुणाला तर प्रश्न विचारून विचारून मान खाली घालायला लावली.

पण मला राहून राहून आठवतो उपाली. नालंदेचा मातब्बर गृहस्थ, निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा उपासक. कायेचं पाप मोठं की मनाचं, यावर बुद्धांना हरवायला आला. हरला, आणि म्हणाला, मला तुमचा उपासक करून घ्या. आपण असतो तर तिथेच सेल्फी काढला असता. बुद्ध म्हणाले, नीट विचार कर, तुझ्यासारख्या नावाजलेल्या माणसाने विचार करूनच वागावं. वर बजावलं की तुझं घर इतकी वर्षं निगंठांची पाणपोई आहे, ते दारी आले तर त्यांना भिक्षा देत जा. (त्या सुत्ताचा शेवट मला रुचत नाही. तिथे निगंठांच्या गुरूंची फजिती जरा जास्तच रंगवली आहे.)

अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'वचगुती' असा शब्द आहे, म्हणजे जिभेला लगाम. दुसऱ्याच्या पंथाची निंदा विनाकारण नको, आणि कारण असलंच तरी हलक्या हाताने.

कुणी म्हणेल, मग बावीस प्रतिज्ञांचं काय? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेली ती भाषा कडक आहे आणि मला ती तसूभरही मऊ नकोय. पण तिथे बोलणारा 'मी' आहे. हिंदू देवांना मी मानणार नाही, मी पूजणार नाही. काकूंच्या ताटात काय असावं, यावर चकार शब्द नाही.

ग्रुपवर उपालीची गोष्ट टाकली. दोघांचा 'जय भीम' आला. एकाने विचारलं, "भाऊ, तू नक्की कुणाच्या बाजूने?" उद्या विहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाला त्याच्याच शेजारी बसायचंय.