सार्वजनिक शौचालयात ॲसिड ओतणं आता बंद करा

भांडुपच्या आमच्या डोंगरावरच्या वस्तीत शौचालय चालवणारं मंडळ आहे, त्याचं काम मी बघते. ही पोस्ट मुंबईतल्या अशा सगळ्या मंडळांसाठी आहे. लाद्या पिवळ्या पडल्या, सांधे काळे झाले, वास जात नाही अशी तक्रार आली की आपलं उत्तर ठरलेलं: ॲसिड मागवा. माझं म्हणणं स्पष्ट आहे. त्या लाद्यांची वाट ॲसिडनेच लागतेय, आणि ते ओतणाऱ्या बाईच्या तब्येतीचीही.

सकाळची गर्दी ओसरल्यावर एकदा कुठल्याही शौचालयात थांबून बघा. मावशी कॅनमधलं ॲसिड पाणी न घालता मगात घेतात आणि लादीवर फेकतात. चर्रर्र आवाज होतो, सांध्यांतून फेस उसळतो, पांढरा धूर उठतो. बघणाऱ्याला वाटतं, काय मस्त घाण सुटतेय! पण त्या फेसात बराचसा वाटा लाद्यांमधल्या सिमेंटचा असतो. कॅनमधलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि ते सिमेंट खातं. आणि धूर म्हणजे ॲसिडची वाफ, तिला साचलेल्या लघवीतला अमोनिया मिळाला की तो आणखी दाट होतो. मावशी पदर नाकाला लावतात आणि त्या धुरात वाकून खराटा मारत राहतात. पायात रबरी चप्पल, हातात काही नाही. बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली असते, आणि कुणी विचारलं तर म्हणतात, सवय झालीय.

आता लादीचं बघू. चकचकीत लादीला ॲसिडने लगेच काही होत नाही, म्हणून सगळं बरं चाललंय असं वाटतं. खरा मार सांध्याला बसतो. आपल्याकडे सांधे बहुतेक ठिकाणी व्हाइट सिमेंटने भरलेले असतात. प्रत्येक धुण्याला ते थोडं थोडं जातं, मग चर पडते, आणि लघवीचं पाणी त्या चरीतून लादीखालच्या सिमेंट-वाळूच्या मालात मुरतं. तिथे ना खराटा पोचतो ना फिनेल. जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करत बसतात. सकाळी अकराला धुतलेलं शौचालय दुपारी दोनला परत का घाण मारतं, याचं उत्तर बरेचदा लादीच्या वर नसून खाली असतं. फिनेलने काय होतं? वासावर वास बसतो, एवढंच.

दुसरं म्हणजे सगळे डाग एका जातीचे नसतात आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही. भांड्याभोवतीचा आणि मुतारीखालचा पिवळट, खरखरीत थर हा क्षार असतो, गिझरच्या कॉइलवर जमतो तसा. अमोनियामुळे लघवीतले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार दगडासारखे बसतात आणि वास धरून ठेवतात. हा थर साबणाने निघत नाही, त्याला आम्लच लागतं, पण सौम्य. नळाखालचे तांबूस ओघळ मात्र बोअरिंगच्या पाण्यातल्या लोखंडाचे. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली तर डाग आणखी पक्का होतो, हे किती जणांना माहीत आहे? त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, जे आपले लादी पॉलिशवाले वर्षानुवर्षं वापरतात. तेही विषारीच, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. सांध्यातला काळा रंग मळाचा आणि बुरशीचा. ब्लीचिंग पावडरचं खरं काम तिथे.

आणि ब्लीचिंग व कुठलंही ॲसिड एका दिवशी, एका फरशीवर कधीच नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. चार बाय तीनच्या त्या खोलीत, जिथे एक जाळीची खिडकी असते आणि तीही अर्धी बुजलेली, तो वायू माणसाला आडवा करू शकतो. ही गोष्ट प्रत्येक शौचालयाच्या भिंतीवर मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत रंगवून घ्या. स्वच्छतेच्या घोषणांनी भिंती भरल्याच आहेत, त्यात ही एक ओळ कामाची होईल.

मग धुवायचं कसं? आधी धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून साबणाचा आणि तेलकट मळाचा थर काढायचा, कारण त्याच्याखाली आम्ल पोचतच नाही. स्वच्छ पाणी मारायचं आणि सांधे ओलेच ठेवायचे, म्हणजे ते पुढचं आम्ल पिणार नाहीत. मग लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड हे सौम्य आम्ल, किराणावाल्याकडे मिळतं तेच, लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम. ते पिवळ्या थरावर पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचं, वाळू द्यायचं नाही. लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने घासायचं. तारेचा ब्रश नको, त्याने लादीवर चरे पडतात आणि त्याच चऱ्यांत उद्याचा मळ बसतो. भरपूर पाण्याने धुऊन वायपरने कोरडं करायचं. जुना थर एका दमात जात नाही, चार आठवडे लागले तरी चालेल. ॲसिडला जे दोन मिनिटांत जमतं ते इथे वेळ देऊन जमतं, पण सांधा शाबूत राहतो.

ज्या कोपऱ्यात पाणी साचतं तिथे मात्र कितीही घासा, डाग परत येणार. तिथे उतारच चुकलाय. मिस्त्रीला बोलावून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निघून जायच्या जाळीकडे, उतार काढून घ्या.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती खोटी नाही. शेकडो माणसांचं शौचालय बंद ठेवणार कसं? बायकांनी जायचं कुठे? म्हणून एका वेळी एकच रांग बंद करायची, दुपारच्या वेळात, आणि बायकांच्या बाजूला कमीत कमी दोन भांडी कायम चालू ठेवायची. हे वेळापत्रक वस्तीतल्या बायकांना विचारूनच ठरवायचं.

कंत्राटदार ॲसिड देतो कारण ते स्वस्त पडतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी आपल्या शौचालयांच्या माळ्यावर कॅन उभेच आहेत, कधी तिथेच राहणाऱ्या केअरटेकरच्या मुलांच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. काय विकत घ्यायचं हे निदान वस्तीच्या मंडळांना तरी ठरवता येतं. 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत वस्ती स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शौचालय चालवायची जबाबदारी रहिवाशांच्या मंडळाकडे दिली गेली ती याचसाठी. शौचालय वापरायच्या पासाचे पैसे आपण गोळा करतो, खरेदीच्या पावतीवर सही आपली असते. त्या पावतीवर ॲसिडच्या जागी लिंबूसत्त्व, सोडा, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि गमबूट लिहा.

आणि उखडलेले सांधे खरवडून एपॉक्सीने, म्हणजे सांधे भरायच्या रेझिनच्या मसाल्याने, भरून घ्या. व्हाइट सिमेंटपेक्षा महाग पडतं, पण ते लघवीला आणि सौम्य आम्लाला दाद देत नाही. भरण्याआधी सांधा पूर्ण कोरडा लागतो, त्यामुळे हे काम मे महिन्यातच उरकावं लागेल. एकदा पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत काही वाळत नाही.