आकाश मोकळं आहे, पण उभं कुठे राहू?

ड्रोनच्या खोक्यावरच्या चित्रात डोंगर असतो, दरी असते, निळंशार सरोवर असतं आणि माणूस औषधालाही नसतो. हा प्रदेश नेमका कुठे आहे, हे मात्र खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. आत जादा पंखे मिळतात, इवलासा स्क्रू-ड्रायव्हर मिळतो, सतरा भाषांतली माहितीपुस्तिका मिळते. त्याऐवजी एकरभर जमीन दिली असती तर माझ्यासारख्यांचे रविवार सुखात गेले असते.

हौस म्हणून ड्रोन घेतलेला माणूस ड्रोन फारसा उडवत नाही, जागा शोधतो. मी आता गाडीतून जाताना निसर्ग बघत नाही. विजेच्या तारा बघतो, टॉवर बघतो, कुंपणं बघतो. एखादं मोकळं माळरान दिसलं की माझा पाय ब्रेकवर जातो आणि शेजारच्या सीटवरून बायको म्हणते, "पुढे पाटी आहे." पाटी असतेच.

नियम वाईट आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. बहुतेक देशांत ते साधारण सारखेच आहेत: जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांच्या वर जायचं नाही, ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, गर्दीच्या डोक्यावर न्यायचा नाही आणि विमानतळाच्या वाटेला जायचं नाही. विमानं आणि हेलिकॉप्टरं आपल्या आधीपासून वर आहेत, आणि त्यांच्यात माणसं बसलेली असतात. २०१८च्या डिसेंबरात लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या बातमीवरून सुमारे हजार विमानांची उड्डाणं विस्कटली आणि १ लाख ४० हजार प्रवासी ऐन नाताळात अडकले. तो ड्रोन कुणाचा होता ते आजवर सिद्ध झालेलं नाही. पण तेव्हापासून हातात ड्रोन असलेल्या प्रत्येक माणसाकडे लोक असे बघतात, की तो बहुधा याचाच असावा.

तर नियम पाळायचेच, असं ठरवून मी नकाशा उघडला. आपल्याकडे २०२१च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग पाडलेत. इतरत्रही कुठल्या ना कुठल्या रंगात हेच असतं. विमानतळ, लष्करी हद्द, तुरुंग, वीजकेंद्र, अभयारण्य अशी वर्तुळं एकमेकांत घुसून अशी बसलेली, की मधे माणसं राहतात कशी याचंच नवल वाटावं. पुष्कळ वेळ बोटांनी नकाशा ताणल्यावर मला एक शुद्ध हिरवा तुकडा सापडला. आजूबाजूला वस्ती नाही, तारा नाहीत, झाडं नाहीत. आणखी ताणल्यावर कळलं, तो तलावाचा मध्य होता.

वजनाचं प्रकरण वेगळंच. पुष्कळ देशांत २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नियमांत सवलत आहे, म्हणून छोटे ड्रोन मोजून २४९ ग्रॅमचे बनतात. जपानमध्ये ही मर्यादा २०० ग्रॅम होती तेव्हा तिथल्यासाठी त्याच ड्रोनला हलकी बॅटरी बसवून १९९ ग्रॅमवर आणलं. मग २०२२मध्ये जपानने मर्यादा १०० ग्रॅम केली. इतकं मन लावून वजन उतरवायचं आणि मग कुणीतरी काटाच बदलायचा, यातलं दुःख मला वेगळ्या कारणाने कळतं. गंमत अशी, की कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून पंख्यांना संरक्षक जाळी लावली, की हेच २४९ ग्रॅम २५०च्या पार जातात. म्हणजे ड्रोन सुरक्षित झाला की कायद्याच्या लेखी जास्त धोकादायक.

घराजवळची बाग हा सगळ्यांना सुचणारा पहिला पर्याय. मीही रीतसर परवानगी काढायला गेलो. बागेच्या कार्यालयात सांगितलं, "जमीन आमची, आकाश आमच्याकडे येत नाही." आकाशवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, "तिथलं आकाश मोकळंच आहे, पण उभं राहायची परवानगी बागवाले देतील." मी परत बागेकडे. तिथल्या गृहस्थांनी कंटाळून एक अर्ज पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: 'उड्डाणाचे प्रयोजन'. मी लिहिलं, 'मजा'.

"मजा लिहिता येत नाही," ते म्हणाले.

"मग काय लिहू?"

"सर्वेक्षण, चित्रीकरण, नाहीतर इतर."

मी 'इतर' लिहिलं. पुढचा रकाना होता: 'इतर असल्यास तपशील द्यावा'. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अर्ज तिथेच राहिला.

जमीन एकाची आणि आकाश दुसऱ्याचं, हा घोळ जुना आहे आणि तो कोंबड्यांमुळे कोर्टात गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात कॉझ्बी नावाच्या माणसाचं कोंबड्यांचं खुराडं होतं. शेजारच्या धावपट्टीवर उतरणारी लष्करी विमानं त्याच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जायची. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायच्या, अशा दीडशेच्या आसपास गेल्या. १९४६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जमिनीची मालकी थेट स्वर्गापर्यंत पोचते हा जुना समज आता चालणार नाही. मात्र जमिनीलगतचा जेवढा भाग मालक वापरू शकतो, तेवढा त्याचाच. हा भाग नेमका किती फुटांचा, ते न्यायालयाने सांगितलं नाही. माझा ड्रोन त्या न सांगितलेल्या फुटांमध्येच उडतो.

हा खटला मी एका मैदानाच्या रखवालदाराला सविस्तर समजावून सांगितला. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. कोंबड्यांपाशी तर त्याला खरंच वाईट वाटलं. मग म्हणाला, "साहेब, वर तुम्ही कुठंबी उडवा. फक्त फाटकाच्या बाहेर उभं राहून उडवा." फाटकाच्या बाहेर हमरस्ता होता.

शेवटी एका पडीक पटांगणाची परवानगी मिळाली. मालकाने फोनवर खुशाल हो म्हटलं. तिथे ड्रोन ठेवला आणि पडद्यावर सूचना आली: होकायंत्र जुळवा. काँक्रीटच्या पोटातल्या सळयांनी त्याचं होकायंत्र बिघडत होतं. जुळवायची रीत अशी: ड्रोन दोन्ही हातांत आडवा धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, मग तो उभा धरून दुसरी. मोकळ्या पटांगणात एक मध्यमवयीन माणूस हातात यंत्र घेऊन गंभीर चेहऱ्याने गिरक्या घेतोय, हे दृश्य गर्दी जमवायला पुरेसं असतं. आणि गर्दी जमली की तिच्या डोक्यावर उडवायचं नाही, हा नियम लागू होतो. जागा रिकामी असते ती आपण येईपर्यंतच.

जमलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला पडला? किती लांब जातो? हरवला तर? पहिल्याला मी खोटं उत्तर देतो, कारण बायको शेजारी असते. त्या दिवशी पलीकडच्या घरातल्या एक काकू तरातरा आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गॅलरीत डोकावता का हो तुम्ही?"

मी म्हटलं, "नाही काकू, याचं भिंग एवढ्या रुंद कोनाचं असतं की तिथून माणूस मुंगीएवढा दिसतो. तुमच्या गॅलरीतलं काही कळत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग समोरच्यांच्या गच्चीवर काय चाललंय तेही नाही दिसणार?" काकू निराश होऊन परत गेल्या.

नजरेच्या टप्प्यात ठेवायचा नियम कागदावर सोपा वाटतो. १२० मीटर उंचीवरचा तळहाताएवढा करडा ड्रोन करड्या ढगाखाली चष्मेवाल्या माणसाला दिसणं ही निव्वळ श्रद्धेची बाब आहे. म्हणून मी बायकोला निरीक्षक नेमलं. "दिसतोय ना?" मी पडद्यावरची नजर न हलवता विचारायचो. "दिसतोय," ती म्हणायची. एकदा ती म्हणाली, "आज फारच छान वळतोय, पंख न हलवता." मी वर पाहिलं. ती घार होती. ड्रोन बराच डावीकडे होता आणि घारीनेही त्याला नुकतंच पाहिलं होतं.

पक्ष्यांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही, तत्काळ उतरवतो. २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या पाणथळ जागी एक ड्रोन कोसळला आणि बिथरलेले सुरय पक्षी दीड-दोन हजार अंडी तशीच टाकून उडून गेले. एवढं वाचल्यावर घरट्यांच्या दिवसांत पाणथळीच्या आसपास फिरकायची इच्छा उरत नाही.

अखेर जागा मिळाली ती एका शेतकरीदादांच्या कृपेने. पीक काढलेलं रान, तारा लांब, नकाशा हिरवा. मी परवानगी मागितली तर त्यांनी प्रयोजनाचा रकाना वगैरे काही काढला नाही. एवढंच म्हणाले, "उडवा की. फक्त वरनं माझा बांध तेवढा बघून द्या. शेजाऱ्यानं कोरत कोरत आत आणलाय."

मी ड्रोन वर नेला. वरून बांध अगदी स्पष्ट दिसला, आणि मधोमध थोडा पोट सुटल्यागत दिसला हेही खरं. तो कुणाच्या बाजूला सुटलाय, हे सांगायचं मी शिताफीने टाळत होतो. तेवढ्यात पंख्यांचा आवाज ऐकून शेजारी शेतकरी आले. "आमच्या अंगानं बघा," ते म्हणाले. त्यांच्या अंगानं पाहिलं तर पोट दुसरीकडे होतं. दोघेही माझ्या दोन्ही खांद्यांवरून पडद्यात वाकले. मला फक्त एक छानसं सूर्यास्ताचं चित्र घ्यायचं होतं.

मग बॅटरी उतरली आणि ड्रोन शहाण्यासारखा आपला आपण घरी निघाला. हा परतीचा प्रवास उपग्रहांच्या भरवशावर चालतो आणि उतरताना मीटर-दीड मीटर इकडेतिकडे होतंच. बांध त्याहून अरुंद होता. ड्रोन उडाला होता दादांच्या रानातून, उतरला तो नेमका बांधाच्या पलीकडच्या कडेला.

"बघितलं?" शेजारी म्हणाले. "यंत्राला बी कळतंय, हद्द कुठवर हाय ती."

"तुमच्यात उतरलाच न्हाई त्यो," दादा म्हणाले. "माझ्याच बांधावर हाय."

मी पंखे मिटून ड्रोन पिशवीत घालायला वाकलो, तर दोघेही एका आवाजात ओरडले, "हात लावू नका! आधी तलाठ्याला येऊ दे."