अँटीहिरोला गॉगल कोणी घातला?

सकाळी सकाळी एक रील समोर आलं. 'साहित्यातले कडक अँटीहिरो', म्हणजे नायकाचे गुण नसलेली मुख्य पात्रं. धूर, लांब कोट, स्लो मोशन. आणि त्यात चक्क रशियन लेखक दोस्तोव्हस्कीच्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' या कादंबरीतला माणूस! डोकंच फिरलं.

अहो, 1864 सालच्या पुस्तकातला तो चाळिशीचा, पित्त खवळलेला, पीटर्सबर्गचा माजी कारकून. एक लष्करी अधिकारी त्याला खांद्याला धरून, न बोलता बाजूला सारतो. हा वर्षानुवर्षं जळतो. आणि सूड काय घेतो? तर नेव्हस्की रस्त्यावर तो समोरून आला की आपण वाट सोडायची नाही. बस! त्यासाठी साहेबाकडून उसने पैसे काढून कोटाला बरी कॉलर लावून घेतो. शेवटी एकदाचा डोळे मिटून धडकतो. अधिकारी वळूनही बघत नाही.

यात कडक काय आहे?

आमच्या एका काकांना आतेबहिणीच्या लग्नात टॉवेल-टोपी द्यायची राहिली. झालं! दाराशी खुर्ची टाकून बसले, न जेवता. कोणीतरी समजूत काढायला येईल म्हणून. पंगती उठल्या, कोणी आलं नाही. पुस्तकातले हे महाशयही झ्वेरकोव्ह या जुन्या शाळासोबत्याच्या निरोपाच्या जेवणाला स्वतःहून घुसतात, भांडतात आणि आठ ते अकरा बूट आपटत येरझारा घालतात. बाकीचे सोफ्यावर पीत बसलेत. मला तिथे काकाच दिसत होते. आधी हसलो, मग पोटात कालवलं. बिचारे उपाशी होते हो.

दोस्तोव्हस्कीच्याच 'क्राइम अँड पनिशमेंट'मधल्या खुनी रास्कोल्निकोव्हच्या हातात निदान कुऱ्हाड तरी आहे, त्याचं पोस्टर होईल. मान्य.

पण या महाशयांना वेश्यागृहात भेटलेल्या लिझाचं काय? आधी तिला मोठमोठं ऐकवून रडवायचं, ती विश्वासाने घरी आली की अपमान करायचा आणि वर हातात पाच रुबल कोंबायचे. ती ते चुरगाळून टेबलावर टाकून जाते. इथे काका मागे पडतात, त्यांनी कोणाचं असं वाटोळं केलं नाही. हा सरळसरळ नीचपणा आहे, आणि रीलवाल्यांनो, त्याखाली तुम्ही गिटार वाजवता?

स्वतःत नायकाच्या उलट सगळे गुण गोळा झालेत, हे तो शेवटी स्वतःच कबूल करतो. आता लिहिणं बंद, असंही म्हणतो. पण राहवत नाही, पुढे लिहीतच सुटतो, असं लेखकालाच खाली सांगावं लागलंय. फॅमिली ग्रुपवर काकांचे 'हा माझा शेवटचा मेसेज' अजून येतात, त्या लग्नाबद्दलच.